दारावरचा बल्ब

शिरूर, ३ नोव्हेंबर १९९८

ती. आप्पा यांस,
करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

आपल्या अक्काच्या दम्याने पुन्हा उचल खाल्ली आहे. ती दुकानामागच्या खोलीत पडून असते, म्हणून तिनेच उभं केलेल्या महिला भांडाराचा कारभार मी हाती घेतला. विजेची नासाडी पाहवत नव्हती. भर दुपारी ट्यूब चालू आणि चार थंड बाटल्यांसाठी रात्रंदिवस घुमणारा फ्रीज! फ्रीज बंद केला. छपरात पारदर्शक पत्रे बसवले. आता तांदळातला खडासुद्धा लपत नाही. प्लास्टिकच्या पिशव्या बंद, पिशवी घरून आणायची. दिवेलागणीला दुकान बंद, आणि दारावरचा बल्बही काढला.

अक्का कुरकुरते. म्हणते, त्या वेळेला दारात अंधार दिसला की घरात कोणी गेलं असं लोक धरतात. कालच रांजणगावला कंपनीत कामाला जाणाऱ्या शेवंताबाई रडत धावत आल्या. अक्काने आतून ओरडून सांगितलं, मी हाय अजून, साखर पायजे का?

आम्ही दोघी तुमची वाट पाहतो. माया आहे तशीच राहू द्या.

आपली धाकटी बहीण,
करुणा

खुटबाव, १२ नोव्हेंबर १९९८

चि. करुणा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शाळेत बाई व्हतीस तवा पोरांना उन्हात उभं करायचीस, आता गिऱ्हाइकांना करतीस. तू बल्ब काढल्यावर तरी माझी विहिरीवरची मोटर दिवसा चालंल असं वाटलं व्हतं, पण लाईट अजून रातचीच येती.

चेष्टा सोड. पत्रे बसवलेस ते झ्याक केलंस. पण दारावरचा बल्ब लाव. लाईट गेली तरी आजवर अक्कानं तिथं कंदील टांगलाय. रांजणगावच्या बसनं बाया उतरतात, सामान घेता घेता तिच्या खाटंशी बसतात. तिची संध्याकाळ तेवढीच हाय. कांद्याची लागण उरकली की येतो.

तब्येतीला जप, रागाला आवर.

तुझा,
आप्पा

शिरूर, ५ डिसेंबर १९९८

ती. आप्पा यांस,
करुणाचा जयभीम. वि. वि.

वीजवापर निम्म्याहून खाली आला. भांडाराच्या सभेत आकडा वाचून दाखवला. बसच्या बाया आता नाक्यावरच्या झगमगत्या दुकानातून सामान नेतात. सुरुवातीला अंधार पाहून कोण गेलं म्हणून विचारायच्या. आता विचारत नाहीत.

बसचा आवाज आला की अक्का उशीला टेकून बसते आणि थोड्या वेळाने आडवी होते. गेल्या आठवड्यात म्हणाली, करुणे, एक बल्ब असा कितीसा खातो गं? मी हिशेब सांगितला. वीज कोळशाची असते, त्याची राख कुणाच्या तरी शेतावर पडते, हेही सांगितलं. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिने विषय काढला नाही.

लवकर या.

आपली,
करुणा

खुटबाव, १४ डिसेंबर १९९८

चि. करुणा हिस,
आशीर्वाद.

मजुरीला बाया मिळंनात, लागण अडकली. पुढल्या आठवड्यात नक्की येतो. तवर माझं एक ऐक. बल्ब लाव. तेवढी वीज माझ्या मोटरीच्या वाट्यातली धर.

आप्पा

शिरूर, २ जानेवारी १९९९

ती. आप्पा यांस,
करुणाचा जयभीम. वि. वि.

अंत्यविधीला आलात तेव्हा गर्दीत सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

अक्का गेली तेव्हा दिवेलागण होती. मी एकटीच होते. दारात येऊन उभी राहिले. बस आली, बाया उतरल्या आणि बोलत बोलत समोरून निघून गेल्या. एकीनेही वळून पाहिलं नाही. अंधाराची सवय त्यांना मीच लावली होती.

मग बल्ब शोधला आणि स्टुलावर चढून लावला.

मागून आलेल्या दुसऱ्या बसच्या बाया लगेच वळल्या. शेवंताबाई पुढे, हातात घरची कापडी पिशवी. हसत म्हणाल्या, अक्का बरी झाली व्हय बाई? बल्ब दिसला तवाच वळखलं. अर्धा किलो साखर द्या, आन् अक्काचा च्या आज मी करती.

मी साखर तोलली. पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. मग आतलं दार उघडलं.

छपरातले पत्रे तसेच आहेत, फ्रीजही बंदच आहे. बल्ब मात्र रोज लावते. बाया येतात, सामान घेतात. बसा म्हटलं तर उशीर होतो म्हणतात.

सवड काढून या. एवढं मागणं.

आपली,
करुणा