दीड रत्तलाचा कडता

ता. २ एप्रिल १९३६, गुरुवार. निपाणी.
पहाटे सूर्यनमस्कार बारा (यापुढे न. लिहीन). गुडघे बोलले. उद्याही बाराच, मग वाढवायचे.

कारण लिहून ठेवतो. परवा वखारीच्या माळ्यावर चढताना धाप लागली, मध्येच कठड्याला धरून उभा राहिलो. खालून मालक म्हणाले, "अण्णा, तुमचा तंबाखूचा बोद झालाय की. तोंड शिवून टाकायचं तेवढं राहिलं." हमाल हसले. मल्लाप्पा तर पाठीवरचा बोद खाली ठेवून हसला. मी या वखारीचा तोलार, काटा माझ्याच हातातला. तिथंच सांगितलं, मृगाच्या आत अठरा रत्तल उतरवून दाखवतो, आणि दर बाजारी सगळ्यांसमोर काट्यावर बसतो. आज बसलो. १७८ र. गाठायचे ते १६०.

शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः केलं. इंग्रजी वाचतो, मोडी लिहितो, काटा उतरवून परत जुळवतो. हेही नमस्कारांच्या पुस्तकावरून जमेल. तालमीतल्या वस्तादाकडे जायचं कारण नाही.

ता. ९ एप्रिल, गु.
न. चोवीस, बैठका वेगळ्या. काटा: १७९.
पहिल्या आठवड्यात असं व्हायचं. पुस्तकात नाही, पण व्हायचं.
मल्लाप्पा वजनं उचलता उचलता, "एष्टु री अण्णा? किती?" सांगितलं. तो कानडीत काहीतरी पुटपुटला नि दुसऱ्या हमालाला कोपर मारलं. मला कानडी येतं हे विसरला की मुद्दाम?

ता. १३, सोम.
भूक फार. न. झाल्यावर चार भाकऱ्या कमी पडतात. सौ. काही बोलत नाही, पाचवी थापते. पुस्तकात दूध सांगितलंय, म्हणून दूधही.
एक गोष्ट नोंदवून ठेवतो. करदोटा सैल झालाय. दोन बोटं सहज जातात, आधी एकही जात नव्हतं. कोटाचं खालचं बटण लागतं. माळ्यावर एका दमात चढलो, आजूबाजूला कुणी नव्हतं.

ता. १६, गु.
१८१.
शेतकरी मुद्दाम थांबतात आता. माल घालून झाला तरी जात नाहीत. मी पारड्यात मांडी घालून बसतो, समोरच्या पारड्यात लोखंड चढतं, आणि सगळ्यांच्या माना काट्याच्या जिभेबरोबर हलतात. भोजहून येणारा एक म्हातारा म्हणाला, "अण्णा, नमस्कार सूर्याला घालताय का ताटाला?"
हसू आलं नाही.

ता. १९, रवि.
न. घालू नयेत असं आज पहिल्यांदा वाटलं. पण सोडले तर हरलो म्हणतील. चालू ठेवले तर दर गुरुवारी हरतोच आहे. छत्तीस घातले.

ता. २३, गु.
१८२॥ (एकशे साडेब्याऐंशी).
काल वळीव झाला होता, हवा सर्द. वखारीत गर्दी. काट्याची जीभ स्थिर झाली नि कुणीतरी मागून म्हणालं, "अजून चार बाजार, मग अण्णांना बैलगाडीतनं घरी न्यावं लागंल." मालक खो खो हसले.
मी बसल्या जागेवरून म्हणालो, "माल-पारड्याला दोर आहे, वजनाच्या पारड्याला साखळी. सर्द हवेत दोर पाणी ओढतो. दीड रत्तल तरी काटा जड दाखवत असंल."
माना डोलल्या. तोलाराच्या तोंडचं बोलणं, कोण काय म्हणणार? मालकांनी पुढं येऊन दोरावर हात फिरवला. "खरंच गार लागतोय," म्हणाले.
बरं वाटलं. खाली उतरलो तेव्हा कुणी हसलं नाही.

ता. २४, शुक्र.
लवकर वखारीत. रोज सकाळी पासंग बघतो तसा आजही बघितला. दोन्ही पारडी रिकामी, जीभ मधोमध. मग सरकारी शिक्क्याची दोन सारखी वजनं दोन्हीकडे घातली, अदलाबदल करून बघितली. केसाचा फरक नाही.
असणार कसा? दोर ओला झाला तर सकाळी पासंगात कळतो, पासंगात भरून निघतो. गेली एकोणीस वर्षं हे काम मीच करतो. दीड रत्तल येईल कुठून, हे काल कुणी विचारलं नाही. मी सांगितलं म्हणून खरं मानलं.
म्हणजे वजन माझं वाढलंय. बरं. वाढू दे. पुढच्या बाजारापर्यंत लोक विसरतील.

ता. ३० एप्रिल, गु.
विसरले नाहीत. मालक तर मुळीच विसरले नाहीत.
सकाळी पहिला बोद चढला. मी वजन पुकारलं. मालक गादीवरून म्हणाले, "वजा दीड."
शेतकरी म्हणाला, "कसलं वजा? घट-तुटीचा कडता तर आधीच कापता की."
"हा दोराचा कडता. सर्द हवेचा. तुमच्या अण्णांचाच शब्द आहे, मागच्या बाजारी सगळ्यांनी ऐकला. ईचारा त्यांना."
शेतकऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी दुसऱ्या बोदाचा दोर बघत होतो.
दिवसभर प्रत्येक बोदाला दीड. वजन मी पुकारतो, तेव्हा वजा दीडही मीच पुकारायचं. आवाज माझाच मोठा, सगळ्या वखारीला ऐकू जातो.
मला काट्यावर बसवायला आज कुणाला सवड नव्हती.

ता. २ मे, शनि.
मालकांना एकटं गाठलं. सांगितलं, मी काटा तपासला, फरक नाही, त्या दिवशी अंदाजानं बोललो.
मालक मवाळ माणूस, आवाज कधी चढवत नाहीत. "अण्णा, तुमचा अंदाज म्हंजे आमची खात्री. एवढी वर्षं तुमच्या काट्यावर गाव डोळं मिटून माल घालतंय. आता तुम्हीच म्हणायला लागलात की अंदाज, तर लोक मागचं सगळं काढतील."
"पण फरक नाही."
"पाऊसकाळ लांब न्हाय. होईल फरक." नि पान पुढं केलं. घेतलं. का घेतलं?

ता. ७ मे, गु.
तुका आला. सौ.चा धाकटा भाऊ, बोरगावला शेती. अकरा बोद. यंदा पाला चांगला, काळा नाही की डागाळलेला नाही. हातात घेतला की कळतं. बैलांना पाणी दाखवून आत आला, माझ्या पायाला हात लावला.
पहिला बोद चढला. पुकारलं. वजा दीड.
तुका हसला. त्याला वाटलं चेष्टा. दुसऱ्या बोदाच्या वेळी कळलं.
"दाजी, ह्ये काय?"
"दोराचा कडता."
"दोर तुमचा, काटा तुमचा, आनि कडता आमचा व्हय?"
मालकांनी गादीवरून तेच सांगितलं, अण्णांचाच शब्द. तुका तिसरा बोद ओढायला वळला. अकरा वेळा पुकारलं. संध्याकाळी घरी जेवायला बोलावलं होतं, आला नाही. सरळ गाडी जुंपली. सौ.नं त्याच्यासाठी पुरणाचं केलं होतं. ताट झाकून ठेवलंन्. मला विचारलंन्, "काय झालं वखारीत?" म्हणालो, घाई होती त्याला.
ती झाकलेलं ताट उचलून फडताळाकडं वळली. "जेवण टाकून पळायच्या घाईत न्हवता त्यो कधी."

ता. १० मे, रवि.
न. पन्नास. हात-दंड वळलेत. आरशात बघतो, पोट आत गेलंय, मान बारीक. आणि काट्यावर जास्त. दोन्ही खरं कसं असेल? कुठलंतरी एक खोटं असायला हवं म्हणून तर त्या दिवशी काट्यावर ढकललं.

दुपारी सागुती आणली. परड्यात पातेल्यात धुवायला घेतली, सौ. मसाला वाटत होती. चरबीचे तुकडे पाण्यावर तरंगले, लाल मांस तळाला गेलं. चाळीस वर्षं बघतोय हे. आज बघितलं.
घरच्या छोट्या तराजूत प्रयोग केला. एकच वाटी, एकदा चरबीनं चेपून भरली, एकदा मांसानं. मांस जड. वाटी तीच. परत केलं, तेच. वाट्या बदलून केलं, तेच.
म्हणजे पोटावरची चरबी गेली, तिला जागा जास्त लागत होती. छातीदंडावर मांस आलं, त्याला जागा कमी, वजन जास्त. करदोटाही खरा, काटाही खरा. मीही काही फसलो नव्हतो. सगळंच बरोबर होतं, चुकलं ते फक्त त्या दिवशीचं बोलणं.
सौ. म्हणाली, "तोलून झालं असंल तर चुलीवर ठेवू का? का तिलाबी कडता लावायचाय?"
तर तिला कळलंय. तुकानं निरोप धाडला असणार, किंवा बाजारात बायका बोलल्या.

ता. ११, सोम.
मालकांना सगळं समजावलं, चरबी-मांस, वाटी, पासंग. कधी नव्हे एवढा बोललो असेन. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
"हुशार आहात अण्णा. पुस्तक लिव्हा ह्याच्यावर." मग, "पण तुमचं वजन तुमच्यापाशी ठेवा. वखारीचं वजन वखारीत."
"दोर काढून साखळी घालतो. मग प्रश्नच नको."
"दोर राहू दे. दोराला हात लावणाऱ्यानं दुसरी वखार बघावी." हे सुद्धा हळूच, हिशेब सांगावा तसं. नि वर, "तुमचं वय काय? सेहेचाळीस?"
सत्तेचाळीस. दुसरी वखार मला घेणार नाही. ज्या तोलारानं स्वतःच्या काट्याला खोटं म्हटलं, त्याला कोण घेईल?

ता. १४ मे, गु.
आज मला बसवलं. मालकांनीच. "चला अण्णा, लई दिस झाले." नको म्हणायची सोय नव्हती, भोवती माणसं.
मल्लाप्पानं लोखंड चढवलं. १८४. मी पुकारायच्या आत मालकांनीच पुकारलं, "वजा दीड! एकशे साडेब्याऐंशी! अण्णा, थांबलं की वाढायचं!" चार टाळ्या पडल्या.
मला कडता माफ झाला असता तरी चाललं असतं. मला कडता मिळाला. तोच, शेतकऱ्यांचा. माझ्या इज्जतीसाठी कापलेला.
पारड्यातून उतरताना भोजचा म्हातारा जवळच होता. हसला नाही. बाजूला सरून मला वाट दिली, जशी मालकांना देतात तशी.

ता. १७, रवि.
न. घातले नाहीत. अंथरुणात पडून राहिलो. सौ. दारातून, "उठा. त्यात काय त्या नमस्कारांचा दोष?"
उठून साठ घातले.

ता. २१, गु.
आजारी आहे म्हणून निरोप पाठवला. आजारी नाही. घरी बसून कळलं की वखारीत मल्लाप्पा पुकारतोय. दीड त्यालाही पुकारावा लागला. मी नसलो तरी शब्द माझाच चालतो. घरी बसून सुटका नाही, तिथं जाऊनही नाही.

ता. २३, शनि.
बोरगावला चालत गेलो, चालत आलो. धाप लागली नाही.
तुका गोठ्यात होता. शेण भरता भरता ऐकून घेतलं. पासंगाचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. मधेच थांबवून म्हणाला, "दाजी, ती चरबी-बिरबी ऱ्हाऊ दे. काटा खरा हाय का न्हाय, एवढं सांगा."
"खरा आहे."
"मग माझ्यासमोर गोठ्यात कशाला सांगता?"
त्याची बायको गूळ-पाणी घेऊन आली. तुकानं हात धुतले. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "माझं अजून चार बोद हायेत. गुरुवारी आणतो."

ता. २६, मंगळ.
लोहाराकडून साखळी घेतली. आठ पदरी, वजनाच्या पारड्याला आहे तशीच. सौ.ला दाखवली. हातात तोलून बघितलीन्. "जड हाय." मग, "दुसरीकडं काम मिळंल का?" म्हणालो, नाही. ती "बरं" म्हणाली नि कणगीतलं जोंधळं किती उरलंय ते बघायला गेली.

ता. २८ मे, गुरुवार. वखारीतून.
हे घरी नाही, गादीच्या बाजूला उभा राहून लिहितोय. शाई सांडली तर सांडो.
किल्ली माझ्याकडं असते म्हणून आत येता आलं. दोर काढला, साखळी अडकवली. पासंग पुन्हा जुळवला, वजनाच्या पारड्याखाली एक लोखंडी कडी बांधावी लागली. दोनदा तपासलं. जीभ मधोमध. शिक्क्याची वजनं इकडं, तिकडं. बरोबर.
मल्लाप्पा आला. साखळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अण्णा, मालक कोल्तारे री." मारून टाकतील म्हणे. मग शांतपणे पोती झाडायला लागला. त्यानं दोर उचलून कुठं ठेवला ते मी विचारलं नाही.
गाड्या लागल्यात. तुका चार बोद घेऊन आलाय, बरोबर बोरगावचे आणखी पाचसहा. भोजचा म्हातारा पायरीवर बसून तंबाखू मळतोय.
तुका म्हणाला, "दाजी, पयला बोद माझा चढवा."
म्हणालो, नाही. पहिला मी बसणार. वजन पुकारीन, जेवढं भरेल तेवढं, वजा काही नाही. मग तुझा.
सदरा काढून ठेवलाय. सगळे आत येऊन उभे आहेत. बाहेर मालकांचा टांगा थांबल्याचा आवाज आला. ते गाडीवाल्याशी काहीतरी बोलताहेत. मी वही बंद करतो, पारड्यात बसतो.