ठेवलेला पेपर

१४ मार्च २०२०, शनिवार

सोमवारची फायनल रद्द. रद्द नाही, "पुढील सूचनेपर्यंत स्थगित". विद्यापीठातून दुपारी फोन आला. डिसेंबरात व्हायची मॅच, ग्राउंडच्या भांडणात मार्चपर्यंत लांबली आणि आता हा चिनी रोग.

पोरं गोलची जाळी बांधत होती. त्यांना सांगितलं. सलीमने बॉल घेऊन जोरात भिंतीवर मारला. आमचा सेंटर फॉरवर्ड, राग आला की त्याला भिंत लागते. बिरू मात्र जाळी बांधतच राहिला. म्हटलं, अरे सोड आता.

"ऱ्हाऊ द्या सर, अर्धी सोडली की गुतती."

मागच्या वर्षी याच फायनलला स्टेशनपलीकडच्या कॉलेजकडून हरलो, पेनल्टीवर. वीस वर्षं या कॉलेजात क्रीडा शिक्षक आहे, कपाटात फुटबॉलचा एकही कप नाही. यंदा होता. बिरू गोलमध्ये असताना होताच.

१९ मार्च

होस्टेल रिकामं झालं. बिरूला सांगोल्याच्या गाडीत बसवून दिलं, त्याचं गाव तिथून आत, दुष्काळी पट्ट्यात. बिरुदेव नाव, वडील मेंढ्यांमागे, चार महिने घरी आणि आठ महिने बाहेर. हा पोरगा कसा शिकला ते त्याचं त्याला ठाऊक. बी.ए.चं शेवटचं वर्ष. पुढे बी.पी.एड. करायचंय. "तुमच्यावानी सर व्हायचं," म्हणतो. माझ्यासारखं होऊन काय मिळणार, हे त्याला सांगवत नाही.

१९ एप्रिल

बोळाला पत्रे ठोकले. दूध पत्र्यावरून घ्यायचं.

संघाच्या ग्रुपवर रोज व्यायाम टाकतो. आठवडाभर सगळ्यांनी अंगठ्याची चित्रं टाकली, आता दोघेच टाकतात. बिरूने व्हिडिओ पाठवला. बहीण बॉल मारतेय, हा दोन दगडांच्या मधे उडी मारतोय, मागे मेंढ्या. एक मेंढी गोलमधून हलेना. बायकोला, सुमनला, दाखवला तर ती कितीतरी दिवसांनी हसली. मीही हसलो, मग उगाचच थकवा आला.

९ ऑगस्ट

सतरा दिवस लिहिलं नाही. मला झाला होता. सुमनला नाही झाला, देवाची कृपा. जिन्याच्या आठ पायऱ्या चढायला दोनदा बसावं लागतं. मी, ज्याने पोरांना ग्राउंडला वीस चकरा मारायला लावल्या.

काल बिरू येऊन गेला म्हणे. चाळीस किलोमीटर मोटरसायकलवर, मग कुणाच्या तरी टेम्पोत. पत्र्याबाहेरून सुमनच्या हाती पिशवी दिली, कडक भाकरी आणि शेंगाचटणी. "सरांना म्हणावं, तोंडाला चव न्हाय म्हून चटणी जरा तिखट केल्या आईनं." दारात थांबलासुद्धा नाही.

३ ऑक्टोबर

परीक्षा मोबाईलवर होणार. पर्यायांतून एक निवडायचा, घरबसल्या. आंधळासुद्धा पास होईल. म्हणजे बिरूही होणार.

दुपारपासून हेच डोक्यात. तो पास झाला तर आपल्याकडून गेला. आपल्याकडे ना एम.ए., ना बी.पी.एड. स्टेशनपलीकडच्या कॉलेजात दोन्ही आहे, त्यांचे क्रीडा शिक्षक टपून बसलेत, मागच्या वर्षीच त्याला बोलले होते. मग पुढची फायनल आपण बिरूविरुद्ध खेळायची.

आमच्या धंद्यात जुनी युक्ती आहे, तिला कुणी लबाडी म्हणत नाही. एक विषय ठेवायचा, म्हणजे त्याचा पेपर मुद्दाम काढायचा नाही. विषय राहिला की नाव कॉलेजात राहतं, नाव राहिलं की संघात. माझ्या वेळी मी स्वतः राज्यशास्त्र ठेवलं होतं.

४ ऑक्टोबर

बिरूला फोन केला. म्हटलं, अर्थशास्त्र ठेव. डिसेंबर-जानेवारीत स्पर्धा होतीलच, उन्हाळ्यात पेपर काढून टाक. विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर प्रमाणपत्र मिळेल, बी.पी.एड.ला त्याचा उपयोग. हे सगळं खरंच आहे.

फोनवर वारा आणि मेंढ्यांचा आवाज येत होता.

"तुमी म्हनताय तर ठिवतो की सर."

१९ ऑक्टोबर

सगळे पास. सलीम पास, ज्याने पुस्तक विकत घेतलं नव्हतं. बचावफळीतला दुधनीचा शिवू पास, एका पेपरला त्याचं नेट गेलं तरी पास. ग्रुपवर पेढ्यांची चित्रं. बिरूने सगळ्यांना हात जोडले आणि खाली लिहिलं, "माझा एक ऱ्हायला". त्यावर सगळ्यांनी हसून घेतलं. अशा परीक्षेत कुणी नापास कसा होतो, असं.

मी निदान गंमत म्हणून काही टाकायला हवं होतं, किंवा खरं काय ते. काहीच टाकलं नाही.

८ फेब्रुवारी २०२१

पत्र आलं. यंदा एकही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होणार नाही. एका ओळीचं पत्र.

बिरूला सांगितलं. "बरं," म्हणाला. मग म्हणाला, "मग फुडल्या साली." मी म्हटलं, हो, पुढच्या साली नक्की. कोणाच्या भरवशावर म्हटलं कोण जाणे. बी.पी.एड.च्या अर्जांची मुदत कधी निघून गेली ते त्याने विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

२४ एप्रिल

सलीमचे वडील गेले. सकाळी त्याचाच फोन. "सर, अब्बा गये." एवढंच. मला जाता आलं नाही, कुणालाच नेत नव्हते, चारच माणसं. भवानी पेठेत त्यांचं शिलाईचं दुकान होतं, आमच्या संघाच्या जर्सीवरचे नंबर तेच शिवायचे. सातचा आकडा नेहमी थोडा तिरका यायचा. मी दरवर्षी म्हणायचो, चाचा, सात सरळ करा. आता वाटतं कशाला म्हणायचो.

१५ जुलै

सलीम पार्सलं वाटतो. चौकात भेटला, गाडीवर खोक्यांचा ढीग. म्हटलं, बी.कॉम.नंतर काहीतरी घे, खेळात राहा. "नक्को सर. अब खेल के क्या करना, घर में चार जन हैं." मास्कमधून हसला बहुतेक. अकरातले पाच संघ सोडून गेले. उरलेल्यांत दोघांचं पोट सुटलंय.

बिरू फोनवर म्हणाला, यंदा परीक्षेला अर्थशास्त्र देऊन टाकू का? मी म्हटलं, थांब, आधी स्पर्धांचं कळू दे. हे मी म्हटलं. लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाही म्हणता येणार नाही.

६ डिसेंबर, सोमवार

स्पर्धा होणार! पत्र आलं. जानेवारीत. शिपाई पत्र घेऊन आला तेव्हा मी गवतात बॉल शोधत होतो. ग्राउंडवर गुडघाभर गवत, पेनल्टीच्या ठिकाणी कुत्री व्यालीय.

बिरू संध्याकाळच्या आत हजर. नवीन पोरं गोळा केली, अकरावी-बारावीतून आलेली, दोन वर्षं मोबाईलवर शिकलेली. पासला पास कळत नाही. एम.कॉम.ला थांबलेला शिवू कानडीत ओरडतो, नवी पोरं दखनी उर्दूत, बिरू गोलमधून सगळ्यांवर माणदेशी आवाजात. पण तो उभा राहिला की मागे भिंत आहे असं वाटतं. खूप दिवसांनी बरं वाटलं.

१३ डिसेंबर

पात्रतेचे फॉर्म भरत होतो. ऑफिसात बुरांडे हेडक्लार्क समोर बसलेले. बिरूचा दाखला हातात घेतला आणि चष्मा वर केला.

"सर, हा बसत नाही."

एक जुलैला पंचवीस पूर्ण झालेली नकोत. दाखल्यावर एक जून एकोणीसशे शहाण्णव. एका महिन्याने बाद.

मी पुन्हा मोजलं. बोटांवर मोजलं, म्हणजे काही वेगळं येईल. मागच्या वर्षी तो बसत होता. मी एकच वर्ष धरलं होतं, करोनाने दोन केली. पेपर ठेवायला सांगताना माझ्या डोक्यात हे आलंच नाही. वीस वर्षं हेच फॉर्म भरतोय.

बुरांडे म्हणाले, तारखेत काही करू नका हं, एक अपात्र निघाला तर सगळा संघ बाद. मी म्हटलं, मी असलं करणारा दिसतो का? त्यांनी दाखला माझ्याकडे सरकवला.

१४ डिसेंबर

बिरूला तारीख सांगितली. तो हसायला लागला.

"सर, ती तारीख गुर्जीनी घातल्याली. आमच्या गावात समद्यांचीच एक जून हाय."

खरंच की. शाळेत नाव घालायला मूल आणलं, जन्माचा कागद नाही, मास्तरांनी उंची बघून एक जून लिहिलं. आमच्या स्टाफरूममधे निम्मे एक जूनचे. एकतीस मेला एकाच केक-वेफर्सवर तिघांचा निवृत्तीचा निरोप उरकतो. यावर आम्ही दरवर्षी हसतो.

विचारलं, मग खरी कुठली?

"आई म्हनती बाजरी काढायच्या टायमाला."

बाजरी म्हणजे सप्टेंबर. सप्टेंबर असेल तर तो बसतो.

१८ डिसेंबर

गावाला जाऊन आलो. बिरूच्या मागे बसून, कंबर मोडली.

शाळेत जनरल रजिस्टर काढलं. त्या वर्षीच्या पानावर तेरा मुलं, अकरा जणांची एक जून. गुरुजींचं अक्षर सुंदर, मोत्यासारखं. ते वारले. आत्ताचे हेडमास्तर तरुण आहेत. म्हणाले, "सर, माझीपण एक जूनच." म्हटलं, माझीही. दोघं हसलो, बिरूही हसला.

घरी आई. मेंढ्यांना पाला टाकत उभ्या उभ्याच बोलल्या.

"बाजरी काढत हुते अन् कळ आली. बांधावरच झाला की. मागनं दोन म्हैन्यानं दिवाळी."

विचारलं, साल कुठलं?

"साल आमाला काय कळतंय सर? पान्याचा लई वांदा हुता त्या साली."

इथे पाण्याचा वांदा नव्हता असं साल कुठलं. हेडमास्तरांनी तरी एक पत्र दिलं, त्या काळी तारखा अंदाजे नोंदवल्या जात, असं. आईंचा अंगठा घेतला. निघताना आईंनी चहा दिला आणि विचारलं, "पोरगं कवा सर हुईल?"

मी चहा पीत राहिलो. भाजला तोंडाला तरी.

२० डिसेंबर

विद्यापीठात जन्मतारखेचा अर्ज दिला. टेबलावरच्या बाईंनी तीनदा वाचला. म्हणाल्या, असे अर्ज मंजूर झालेले मी पाहिलेले नाहीत, पण वर पाठवते. कधी कळेल? "बघू." यादी द्यायची शेवटची तारीख एकतीस.

वर्तमानपत्रात नव्या प्रकारच्या विषाणूचं आलंय. सुमनने डबा भरताना दोन मास्क ठेवले.

२७ डिसेंबर

उत्तर नाही. दोनदा जाऊन आलो. त्या बाई रजेवर.

बिरू रोज पाचला ग्राउंडवर येतो. नव्या पोरांपैकी एकाला, ओंकार नाव, गोलकीपिंग शिकवतोय. मी सांगितलं नव्हतं. उडी मारायच्या आधी पाय कुठे, हात कुठे. ओंकार बरा आहे, पण बॉल आला की डोळे मिटतो.

३० डिसेंबर

सांगून टाकलं. सकाळी, प्रॅक्टिस संपल्यावर, पोरं पाणी प्यायला गेली तेव्हा. बिरू हातमोजे काढत होता. म्हटलं, बिरू, तुला पेपर ठेवायला सांगितला तो प्रमाणपत्रासाठी नाही. तू त्या कॉलेजात गेला असतास म्हणून. मला तो कप हवा होता. तुझी दोन वर्षं मी घालवली.

वाटलं होतं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"म्हाईत हुतं सर."

कधीपासून?

"तवाच. फोन केला तवाच. त्या कालेजवाल्यास्नी मीबी न्हाय म्हनलो न्हवतो की. म्या बी त्याआदी इचार करत हुतो जायाचा." हातमोजे एकमेकांत घातले. "मग तुमी आजारी पडला. मला वाटलं, सरांचं येक तरी व्हावं."

तो म्हणाला, "अर्थशास्त्राचा फारम भरलाय आता. मार्चला देतो," आणि पोरांना हाका मारत गेला.

घरी आलो तर सुमन म्हणाली, काय म्हणाला? म्हटलं, काही नाही. जेवलो नाही.

३१ डिसेंबर

अकरा वाजेपर्यंत उत्तराची वाट पाहिली. फोन केला, उचलत नाहीत. पाचच्या आत यादी पोचवायची. गोलकीपरची ओळ एकच उरलीय, ओंकारचं नाव घातलं की बिरू गेला. बिरूचं घातलं आणि वरून नकार आला तर अठराच्या अठरा गेले.

यादी लिहायला बसलो. सतरा नावं झाली. गोलकीपरची पहिली ओळ सोडून दोन नंबरपासून लिहीत आलोय, आणि आता सव्वातीन वाजलेत.