पहिला घास भिंतीपलीकडून यावा

मी, श्रीमती दीपमाला आकाराम कोळेकर, वय वर्षे चव्वेचाळीस, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, राहणार माधवनगर, तालुका मिरज, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पोटातल्या गाठीने शरीर पोखरले असले तरी डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. थकवा आहे. थकव्यापोटी आपण काही सोडून तर देत नाही ना, असे स्वतःला विचारले. उत्तर अजून नक्की नाही, पण कागद लिहून ठेवणे बरे.

१. घराचा भिंतीअलीकडचा अर्धा भाग माझी मुलगी स्वप्नाली हिला. पलीकडचा अर्धा थोरले दीर हरिबा यांचा आहे. वाटणीत शेवग्याचे झाड कोणाचे, यावरून ते आणि माझे यजमान भांडले आणि भिंत उठली. झाड आमच्याकडे आले, शेंगा मात्र दोन्हीकडे लोंबतात. पलीकडच्या शेंगा पलीकडच्यांनीच काढाव्यात. हे मी पूर्वीच म्हणायला हवे होते.

२. पोस्टातली शिल्लक, फंड आणि बोरमाळ स्वप्नालीला. तिने शिक्षण पुरे करावे. लग्नाची घाई कोणी करू नये. माझ्या डायऱ्या न वाचता बंबात घालाव्यात. त्यांत रोजची कुरकुर आहे, निदान पाणी तापेल.

३. माझा भाऊ प्रशांत, राहणार उंब्रज, जहाजावर नोकरीला आहे. त्याने गेल्या वर्षी पिशवीतली हवा ओढून तोंड डकवणारे यंत्र आणले. ते स्वप्नालीला. वापरताना चटणीवर कागदाची घडी ठेवावी, नाहीतर भुकटी वर ओढली जाते आणि तोंड नीट चिकटत नाही. कडक भाकरी फडक्यात गुंडाळावी. तिचे कोपरे पिशवीला भोक पाडतात. ओले पदार्थ भरून बाहेर ठेवू नयेत. मी मटकीची उसळ ठेवली होती, ती पिशवी बेडकासारखी फुगली. अशी पिशवी न उघडता पुरून टाकावी.

४. कपाटातल्या पिशव्या. त्यांत कडक भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट आहे. हे मी माझ्या मरणानंतरच्या दिवसांसाठी भरून ठेवले होते. आमच्यात मयत झालेल्या घरी चूल पेटवत नाहीत. भावकीतून पिठलं-भाकरी येते, त्याला कडू घास म्हणतात. सात वर्षांपूर्वी स्वप्नालीचे वडील गेले, त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून काही आले नाही. अकरा वर्षांची पोर भुकेने कोपऱ्यात मुटकुळं करून पडली होती. शेवटी मीच स्टोव्ह पेटवला आणि दूध तापवले. माझ्या माघारी माझ्या मुलीने कोणाच्या दाराकडे बघत बसू नये, म्हणून या पिशव्या.

हे कलम इथेच संपणार होते. पण गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या जाऊबाई मनुबाई, हरिबांची पत्नी, दारात येऊन उभ्या राहिल्या. आमचे बोलणे बंदच होते.

"रोज काय घुरघुरतंय गं तुझ्याकडं? पिठाची गिरनी काढलीस का काय?"

मी यंत्र दाखवले. कशासाठी भरते आहे, तेही सांगून टाकले. मनात राग होताच. त्या खाली बसल्या.

"आगं, मी आले हुते की त्या दिवशी. पदराखाली पाटी, पाटीत पिठलं-भाकरी. तुझ्या दारातनं माघारी गेले."

"का?"

"तुझा स्टो वाजत हुता. म्हनलं, मयताच्या दिवशी चूल पेटवली हिनं. हिला आमचं अन्न नगं."

"आक्का, दुधाला लावला होता. पोरगी उपाशी होती."

"मग हाक मारायची हुतीस."

"तुम्ही मारायची होती."

"व्हय," त्या म्हणाल्या. एक पिशवी हातात घेऊन दाबून पाहिली. मग म्हणाल्या, "फोड त्यातलं एक. बघू तरी कसलं लागतंय."

मी चटणीची पिशवी कापली. त्यांनी बोटभर चाटली. "मीठ कमी हाय. आन् एवढं दिस कोंडून ठेवल्यावर ते शिळंच की गं!"

त्या खरे बोलल्या की आता आठवण तशी झाली आहे, हे मला ठरवता येत नाही. पाटी मी पाहिली नव्हती. पण मी दाराकडे पाठ करून स्टोव्हला पंप मारत होते, हे मला पक्के आठवते. त्यापुढचा निवाडा करण्याची ताकद माझ्यात उरली नाही. म्हणून चौथे कलम बदलते.

पिशव्या तेराव्यानंतर दोन्ही घरांत निम्म्या वाटाव्यात. मनुबाईंना मसाला भरायला यंत्र लागले तर द्यावे. मागितले नाही तरी विचारावे.

५. मला पोचवून माणसे परततील तेव्हा घरात काही पेटवू नये, पिशवी कापू नये. दार उघडे ठेवावे. पहिला घास भिंतीपलीकडून यावा, अशी माझी इच्छा आहे. दुसऱ्याचा हात मृत्युपत्राने बांधता येत नाही, हे मला कळते. दिवेलागणीपर्यंत कोणी आले नाही, तर स्वप्नालीने त्याचा अर्थ लावत बसू नये. उठावे, भिंतीला वळसा घालून जावे आणि दारातून मनुबाईंना म्हणावे, "मोठी आई, आम्ही अजून जेवलो नाही."

मला ते तेव्हा म्हणता आले नाही.

या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था माझा भाऊ प्रशांत याने पाहावी. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही; पुन्हा करायला वेळ मिळेल असे वाटत नाही.

खालील दोघांच्या देखत मी सही केली. दोघांना यातले काही मिळणार नाही, चहा मिळाला.

सही: दीपमाला आकाराम कोळेकर

साक्षीदार:
१. डॉ. लालासाहेब यशवंत सूर्यवंशी, माधवनगर
२. ज्ञानू सिद्धू हजारे, शिपाई, माधवनगर

ठिकाण: माधवनगर
दिनांक: १४ नोव्हेंबर १९९८