चार काळे परकर

प्रिय निशी,

आकुर्डी ते सांगवी, बस वेळेवर मिळाली तर तासही लागत नाही, आणि ही ताई पत्र काय लिहीत बसलीय, असं म्हणून हसशील तू. हस बाई. फोन तीनदा लावला, आणि तिन्ही वेळा तुझ्या शिवणक्लासच्या पोरींची चौकशी करून ठेवून दिला. तोंडानं होत नाही ते हातानं होतंय का बघते. पहिली बातमी ही, की माझ्या तेजूचं येत्या बुधवारी ऑपरेशन आहे. तुला होतं तेच, एन्डोमेट्रिओसिस. अंडाशयावर गाठ झालीय. अकरा वर्षांपूर्वी तुझ्यावर जे ओढवलं ते तिच्या वाट्याला येऊ नये, एवढंच माझं मागणं. तिला मावशी शेजारी हवीय. पण तू येण्याआधी तुला एक गोष्ट सांगायचीय, आणि ती कळल्यावर तू माझं तोंड बघशील की नाही, देव जाणे.

तेजूकडे बघवत नाही गं. महिन्यातले चार दिवस पोटाशी उशी घेऊन फरशीवर मुटकुळं करून पडते, कॉलेज बुडतं ते वेगळंच. दोन वर्षं मी तिला सांगत राहिले, बाईच्या जातीला हे असायचंच, एवढं काय त्यात. जीभ झडो माझी. तूही अशीच पडायचीस. चाकणच्या कंपनीत आपण दोघी एकाच लाइनवर गाड्यांची सीट कव्हरं शिवायचो, आठवतंय? तो मेला फिक्या राखाडी साडीचा युनिफॉर्म! बसमधून उतरताना मी मुद्दाम तुझ्या मागे चालायचे, डाग पडला असेल तर कुणाला दिसू नये म्हणून. तू मान न वळवता विचारायचीस, ठीक आहे ना? आणि मी म्हणायचे, ठीक आहे, चल. कितीदा ठीक नसायचं. मी नुसती आणखी जवळून चालायचे.

आणि आईची ती तऱ्हा! बाकीच्या आया लेकीच्या ट्रंकेत जरीची साडी घालतात, आपल्या आईनं दोघींच्या ट्रंकेत तळाशी चार-चार काळे परकर घातले आणि गादीवर टाकायला रेक्झिनचा तुकडा. तिला तिच्या आईनं दिले होते, तिनं आपल्याला दिले. काळ्यावर दिसत नाही. आठ-आठ, दहा-दहा दिवस जायचं, पण आपल्याला तो त्रास वाटलाच नाही कधी. "आपल्या घरच्या बाया रक्ताच्या दांडग्या हायेत पोरी, अंगात हाय म्हून जातंय," असं ती छाती काढून सांगायची आणि आपणही मिरवायचो. शेजारची तीन दिवसांत मोकळी झाली की तिला नाजूक म्हणून हसायचो. ती दांडगी बाई पन्नाशीत पांढरीफटक होऊन, दोन पायऱ्या चढल्या की बसत बसत गेली, तरी आपल्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मग ती दुपार. जेवणाच्या सुट्टीत तू कँटीनमध्येच कोसळलीस. गाठ फुटली होती. तुझे अजिंक्यराव दवाखान्यात पोचेपर्यंत तुझ्याजवळ मी आणि तुझ्या सासूबाई, कुसुमताई, एवढ्याच होतो. दुर्बिणीनं अर्ध्या तासात होईल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण रक्त थांबेचना. पोट उघडलं, अकरा बाटल्या चढवल्या, आणि शेवटी जीव वाचवायला पिशवी काढली. सव्वीस वर्षांची होतीस तू. वर्ष झालं नाही तोवर अजिंक्यराव म्हणाले, घरच्यांपुढे माझं चालत नाही, आणि कुसुमताईंनी तुझी ट्रंक परत पाठवली. ती मी उघडली होती. परकर घडी करून सगळ्यात वर ठेवले होते.

तेव्हापासून तू त्या डॉक्टरांना दोष देतेस. मी तुझ्याहून मोठ्यानं दिला. भर दवाखान्यात मी त्यांना कसाई म्हटलं, निशी. ते खाली मान घालून ऐकत होते. बोलले एवढंच, की ताई, पुन्हा एकदा आठवून बघा, घरात कुणाचं रक्त असं जास्त जायचं का? मी आणखी मोठ्यानं ओरडले.

तेजूच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यात हाच प्रश्न विचारला. माझ्या तोंडून सवयीनं ‘नाही’ बाहेर पडणार, एवढ्यात तेजूच म्हणाली, आई, आजीचे काळे परकर सांग की. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि परत पहिल्यापासून सगळं विचारलं. तिचं रक्त तपासलं, मग माझं. रक्त गोठायला एक द्रव्य लागतं, ते आम्हा दोघींत कमी आहे. आईकडून आलेलं. गाठींचं दुखणं वेगळं आणि हे वेगळं, पण दोन्ही एकाच बाईच्या नशिबी येऊ शकतात. ऑपरेशनआधीच्या साध्या तपासणीत हे सापडेलच असं नाही, म्हणून तर विचारतात. आणि आधी कळलं तर औषध देऊन, तयारी ठेवून ऑपरेशन करता येतं. बाईंनी हे इतक्या सहज सांगितलं, आणि मी तिथंच रडायला लागले. तेजूला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय.

तूही रक्त तपासून घे. तेवढ्यासाठी चार ओळींची चिठ्ठी पुरली असती, हे मला कळतं. पण आता हे सांगितल्यावाचून मला बुधवारी माझ्या पोरीजवळ उभं राहता येणार नाही. तुझ्या ऑपरेशनआधी नर्सनं तुला हेच विचारलं होतं. तू कळांनी तळमळत होतीस, म्हणालीस, ताईला विचारा. ती बाहेर आली, तेव्हा माझ्या शेजारी कुसुमताई उभ्या होत्या. तुझ्या लग्नाला दीडच वर्ष झालं होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर घराण्यात खोट निघेल, त्या तुला नांदवणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आईच म्हणायची ना? माझ्या अंगावर त्या दिवशीही काळाच परकर होता, निशी, आणि मी म्हटलं, आमच्याकडे कुणालाच नाही. मला समजत नव्हतं असं म्हणायला मी मोकळी आहे. पण प्रश्न समजला होता मला. तुझा संसार वाचवायला खोटं बोलले, आणि तुझा संसारही गेला, पोरंबाळंही गेली. बुधवारी आलीस तर तेजूसाठी ये. मी बाहेरच्या बाकावर बसेन, माझ्याशी बोलू नकोस. तुला आत नेताना तू माझा हात धरला होतास. विचारलं होतंस, ताई, सगळं सांगितलंस ना गं त्यांना? मी म्हटलं, हो, सांगितलं, तू जा.

नव्हतं सांगितलं गं.

तुझीच,
ताई