पाठीतलं पान

प्रिय वकीलबाई,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी पत्र उलटून खालची सही तपासली असशील. तपास. सही माझीच आहे आणि तारीखही खरी आहे. आपल्याला बोलून दोन वर्षं होऊन गेली. तुझी आई दर गुरुवारी गॅलरीत जाते, दार लोटून घेते, तुझ्याशी तासभर बोलते आणि आत येऊन मला सांगते की मावशीचा फोन होता. मी मावशीची तब्येत विचारतो, ती बरी आहे म्हणते. अशी आमची नाटक कंपनी सुखेनैव चालली आहे.

दुकान चालू आहे. पुस्तकं बांधायला आता पूर्वीइतकी कोणी आणत नाही, पण कॉलेजची पोरं प्रबंध घेऊन येतात. सगळ्यांना काळा पुठ्ठा आणि सोनेरी अक्षरं हवी असतात, आणि सगळ्यांना ती कालच हवी असतात. माझा उजवा गुडघा कुरकुरतो. चष्मा सारखा हरवतो म्हणून तुझ्या आईने त्याला दोरी बांधली आहे, त्यामुळे मी गोठ्यातून सुटून आल्यासारखा दिसतो. बाकी ठीक.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर तू म्हणशील पप्पा पाल्हाळ लावतात. त्या रविवारी जेवताना तू जे बोललीस ते मला शब्दन्‌शब्द आठवतंय. इतिहास शिकवणारी, पण लहानपणापासून घरात वकिली करणारी माझी लेक ताटावर बसून सांगत होती की बायबलला इतिहासाचा दाखला म्हणून डोळे झाकून पुढे करता येत नाही. येशूचं चरित्र सांगणारी चारही शुभवर्तमानं घटना होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी लिहिली गेली. येशूच्या रिकाम्या कबरीपाशी कोण कोण बायका गेल्या, हेसुद्धा चौघांचं जुळत नाही. मोशेने लिहिली म्हणतात त्या पुस्तकांत मोशेच्याच मरणाची हकिगत आहे, मग ती कोणी लिहिली? तू हे चिडून बोलत नव्हतीस, हे मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, हिने आपल्या घराचा पायाच उकरायला घेतला.

मग मी माझा हुकमाचा पत्ता टाकला. कपाटातलं आपलं घरचं बायबल आणून तुझ्यापुढे उघडलं. पहिल्याच पानावर, वर ‘स्वहस्ते’ असं लिहून तुझ्या पणजोबांनी केलेल्या नोंदी. लग्न, मुलांचे जन्म, मृत्यू, सगळं ज्या त्या दिवशी लिहिलेलं. मी म्हटलं, हे लिहिणारी माणसं एका अक्षराने खोटं बोलली नाहीत, आणि ज्या पुस्तकावर त्यांनी जन्म काढला ते तू खोटं ठरवतेस? तू शांतपणे विचारलंस की पप्पा, हे पान तुम्ही कधी नीट बघितलंय का. कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि काय गाळलं, एवढं तरी? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या पुस्तकाची माफी मागितल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस, असं मी म्हणालो. तुझी आई वाढता वाढता थांबली. तू हात धुतलेस, पिशवी उचललीस आणि गेलीस.

मागच्या महिन्यात तुझ्या आईच्या हातून ते बायबल पडलं. फडक्याने कपाट पुसत होती, कोपऱ्यावर आपटलं आणि पाठ उसवली. तिचा चेहरा पांढराफटक. मी तिला म्हटलं, अगं, एवढं काय, बांधणारा घरातच आहे की. खरं तर लाज वाटली. चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं शिवली आणि घरचं कधी शिवायला घेतलं नाही. सुताराच्या घरची खुर्ची लंगडी, तसलाच प्रकार. दुसऱ्या दिवशी ते दुकानात नेलं, मोठ्या टेबलावर कापड अंथरलं आणि टाके सोडवायला बसलो.

पहिलं पान हातात आलं तेव्हाच मी थांबलो. ते पुस्तकाचं पानच नव्हतं. कागद वेगळा, आणि कडेला खळ लावून मागाहून चिकटवलेला. ही गोष्ट मी गिऱ्हाइकाच्या पुस्तकात दहा पावलांवरून ओळखली असती. मग चष्मा पुसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ते पान भक्तीने नाही, बाइंडरच्या नजरेने वाचलं. पणजोबांच्या लग्नापासून माझ्या जन्मापर्यंत एकच शाई, एकच निब, एकाच बैठकीतलं अक्षर. आणि मधोमध, त्याच ‘स्वहस्ते’ अक्षरात, पणजोबांच्या स्वतःच्या मृत्यूची नोंद. म्हणजे माझ्या आजोबांनी मेल्यावर उठून तारीख टाकली आणि पुन्हा जाऊन झोपले. वकीलबाई, मी एकटाच दुकानात बसून मोठ्यांदा हसलो. मग हसू थांबलं, कारण ते अक्षर मला ओळखू आलं. पुस्तकांच्या पाठींवर नावं घालताना माझे बाबा, तुझे आजोबा, असंच अक्षर काढायचे. सगळं पान त्यांनी नव्याने लिहून काढलं होतं.

पाठीला आतून रद्दी कागदाच्या पट्ट्यांचं अस्तर असतं, तुला लहानपणी दाखवलंय. या पट्ट्यांवर लिहिलेलं होतं. बाबा असली पाठ नेहमी सरसाने चिकटवायचे, म्हणजे सहजी सुटू नये. या पट्ट्या मात्र साध्या खळीने लावलेल्या. कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याखाली अर्ध्या तासात अलगद सुटल्या. चार पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि जुनं पान जुळलं, खऱ्या पणजोबांच्या खऱ्या अक्षरातलं. त्यात बाबांच्या पाठीवर जन्मलेल्या एका मुलीची नोंद आहे. बाबांना बहीण नव्हती असंच आम्ही ऐकत आलो. त्या मुलीच्या नोंदीसमोर, वीस वर्षांनंतरची तारीख घालून, पणजोबांनी लिहिलंय, ‘आजपासून ही आमची नाही.’ का, ते लिहिलेलं नाही. मला आत्या होती गं. या वयात कळलं.

आणि मग मला त्या बाई आठवल्या. मी नुकता बाबांच्या जोडीला दुकानात बसायला लागलो होतो. वर्षातून एकदा एक उंच, निळ्या छत्रीच्या बाई यायच्या, एकच लहानसं गाण्यांचं पुस्तक घेऊन. त्या पुस्तकाला काहीही झालेलं नसायचं. तरी बाबा हातातलं काम टाकून त्याचे टाके सोडवायचे आणि पुन्हा शिवायचे, अगदी हळूहळू, आणि त्या समोरच्या स्टुलावर बसून राहायच्या. दोघं फारसं बोलायची नाहीत. मी एकदा म्हटलं की बाबा, शिलाई तर धडधाकट आहे. ते म्हणाले, तू तुझा पुठ्ठा काप. मला वाटलं, जुन्या गिऱ्हाइकाचं मन राखताहेत. आता वाटतं, भावाला तेवढा एक तास मिळत होता.

बाबांनी तिला पानावरून का गाळलं, हे मला ठाऊक नाही. कदाचित ते वाक्य त्यांना सहन होत नव्हतं, आणि तिला ठेवून वाक्य तेवढं काढायची हिंमत नव्हती. पण जुनं पान नाहीसंच करायचं असतं तर दुकानात शेगडी होती. त्यांनी ते अशा जागी ठेवलं जिथे फक्त बाइंडर बघेल, आणि अशा खळीने लावलं जी पाण्याने सुटेल. ते चुकीचं लिहून बसले होते, आणि तरी माणूस खोटा नव्हता. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तुझ्या सगळ्या पुस्तकांनी पटवलं नसतं.

मी आपल्या चर्चच्या पाळकसाहेबांकडेही गेलो. तुझं सगळं बोलणं माझंच आहे असं भासवून त्यांच्यापुढे मांडलं. ते म्हणाले, यातलं बरंचसं आम्हाला शिकतानाच सांगतात. मी विचारलं, मग इतकी वर्षं आम्हाला का नाही सांगितलंत? त्यांनी माझा कप पुन्हा चहाने भरला. मी अजून प्रार्थना करतो, वकीलबाई, तेव्हा उगाच जिंकल्यासारखी हसू नकोस. प्रभूवरचा माझा विश्वास जागच्या जागी आहे. फक्त ते पुस्तक माणसांनी लिहिलं, आठवून लिहिलं, नकलून लिहिलं, कुठे गाळलं, कुठे भर घातली, हे आता माझे हात मान्य करतात. माझी अक्कल मागाहून येईल. आणि ते पुस्तक कोणाच्या डोक्यात हाणायचा दगड म्हणून मी पुन्हा उचलणार नाही, तुझ्या तर नाहीच.

आता जे सांगायचं टाळत होतो ते सांगतो. तू गेलीस त्या संध्याकाळी मी अक्षर खरवडायचं बारीक पातं घेऊन बसलो होतो. पानावर तुझ्या जन्माची नोंद मीच केलेली. तुझ्या नावाचं पहिलं अक्षर मी खरवडून काढलं. असं सफाईने, की कागदाला चट्टा नाही. तुझी आई आली, बघत उभी राहिली आणि म्हणाली, काढा, पण मग शेजारचं माझंही काढा. तेव्हा हात थांबला. पणजोबांनी जे केलं तेच मी करत होतो, आणि मला त्यांचं ते वाक्य माहीतसुद्धा नव्हतं. त्याबद्दल मी तुझी माफी मागतो. ती पुस्तकाची मागायची नव्हती, तू मागायची नव्हती, मी मागायची होती.

परवा मावशीचा फोन झाल्यावर तुझी आई गॅलरीतून आली ती डोळे पुसत आणि हसत. मी म्हटलं, आता पुरे नाटक, काय ते सांग. तुला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे, हे मला तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं आणि बायबल शिवून पुरं केलं. पट्ट्या जोडून जुनं पान आत घातलंय, त्याच्यामागे बाबांनी लिहिलेलं, आणि मग एक नवीन. नव्या पानावर सगळ्यात वर मी लिहिलंय की हे मी, आज या तारखेला, आधीची दोन पानं बघून लिहिलं, आणि ऐकीव काय तेही खाली सांगितलं आहे. तुझ्या शाळेत हे पास होईल ना? आत्याचं नाव तिच्या जागी आलं. तुझ्या नावाची ओळ मात्र कोरी सोडली आहे. ते माझ्या हातून एकदा खरवडलं गेलं, आता ते तू तुझ्या हाताने लिहायचं, आणि त्याखाली येणाऱ्याचं. ये गं घरी. जावयांनाही आण. पेन मी भरून ठेवलंय.

तुझाच,
खटला हरलेला आणि बरं वाटत असलेला
पप्पा