आईचं नख

प्रिय ताई,

तुला नमस्कार, बाबांच्या पाया पडते. मी बरी आहे. वॉर्डात काम इतकं की दिवस कधी सरतो कळत नाही. बाबा जेवतात का? हात धुऊन त्यांच्या मागे लागू नकोस, ताट फक्त समोर ठेवत जा.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई जायच्या महिनाभर आधीच तिचं हृदय थकलं होतं म्हणे. मी जवळ असून मला कसं कळलं नाही?" म्हणून हे पत्र लिहायला बसले.

इथे आम्ही नर्स पेशंटचं नख दाबून सोडतो. पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. हृदय थकलं की शरीर बोटांतल्या रक्तवाहिन्या आवळून घेतं, रक्त आधी मेंदूला आणि हृदयाला राखतं. मग नखाचा रंग उशिरा परततो. हात नुसते गार असले तरी तसंच होतं.

शेवटच्या भेटीत, सुट्टी संपवून मी सकाळी निघताना आईने माझा हात धरला होता. मी सवयीने तिचं नख दाबलं. पाचपर्यंत मोजलं, तरी ते पांढरंच. गार पाण्यात भांडी घासून आली असेल, अशी मी मनाची समजूत घातली आणि टॅक्सीत बसले.

तू स्वतःला बोल लावू नकोस, ताई. त्या सकाळी भांडी मी घासली होती.

तुझीच,
धाकटी