चौदा किलोचा पाळणा

प्रिय ठकू,

तुझ्या लेकीसाठी पाळणा केलाय. एकही खिळा नाही, सगळ्या खाचा आणि लाकडी खुंट्या. तुझा दादा रोज वर्कशॉपच्या दारातून बघायचा आणि निघून जायचा. परवा मात्र बोललाच, "पाठवायचाच असेल तर गुपचूप पाठवा. लग्नाशिवायचं मूल, लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना आवडला तर त्यांनाही करून देईन."

मग भर दुपारी, न झाकता, हातगाडीवर ठेवून कुरिअरच्या ऑफिसात नेला. काउंटरवरच्या बाईंनी काट्यावर ठेवला. चौदा किलो. मी खूश. मग त्यांनी टेप काढून लांबी, रुंदी, उंची मोजली आणि म्हणाल्या, "काका, त्रेसष्ट किलोचं भाडं पडेल." मला वाटलं, काटा बिघडलाय. "काटा बरोबर आहे. पण हलकी वस्तूही गाडीत जागा अडवते. वजन आणि आकार, जे जास्त भरेल त्याचे पैसे." मी म्हटलं, "अहो, आत नुसती हवा आहे." तर म्हणतात, "तिलाच जागा लागते ना, काका."

घरी आलो तर दादाचा चेहरा खुलला. "परवडत नाही ना? मग राहू द्या." झालं, मी हट्टाला पेटलो. सगळ्या खुंट्या ठोकून बाहेर काढल्या, बाजू एकावर एक रचल्या, मध्ये जुनी चादर घातली. खोकं जेमतेम अर्धी वीत जाडीचं झालं. आज पुन्हा गेलो. टेप लागली, सोळा किलो. बाईसुद्धा हसल्या. फॉर्मवर 'लाकडी सामान' लिहा असं दादाने बजावलं होतं. मी 'नातीचा पाळणा' लिहिलं आणि खाली माझं पूर्ण नाव, ठळक अक्षरांत.

तू घर सोडलंस त्या दिवशी दादा तोंडाला येईल ते बोलत होता आणि मी खाली मान घालून रंधा मारत होतो. बापाने तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. त्याची माफी पत्रातून मागून भागायचं नाही, म्हणून हे आधी कळवतोय: रविवारी सकाळच्या गाडीने मी येतोय, पाळणा जोडायला आणि तुझ्यासमोर उभं राहायला. दादाला सांगून निघतोय, विचारून नाही. तू दार उघडलं नाहीस तर तुझं बरोबरच असेल. पण मी परत फिरणार नाही, जिन्यात बसून राहीन.

तुझाच,
बाबा